बाकापेक्षा पाटी मोठी

सरकारी अर्जात खरं लिहू नये, हे शहाणपण माणसाला साधारण मिसरूड फुटेपर्यंत येतं. तराजूकाकांना ते निवृत्तीनंतरही आलं नव्हतं. पुढचं सगळं रामायण घडलं ते एवढ्याचसाठी.

तराजूकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण दारावरची पितळी पाटी सोडली तर खरं नाव आता कोणी वापरत नव्हतं, आणि पितळी पाटीही बरेच दिवस कोणी वाचली नव्हती. काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांची सावली दुकानाच्या पायरीवर पडली की आतली साखर आपोआप पुरी एक किलो व्हायची, असं म्हणतात. हे खरं नसेलही. पण सावली पुढे सरकली की ती साखर परत कमी व्हायची, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगू शकतो.

काकांचा एक नेम होता. तपासणीला गेलं की बसायचं नाही. दुकानदार खुर्ची फडक्यानं पुसून पुढे करायचा, आतून चहा मागवायचा. काकांचं उत्तर ठरलेलं : "ड्यूटीवर बसत नाही." उन्हाळा असो, पाय सुजलेले असोत, दुकानदार हातापाया पडो, काका उभेच. ज्याच्याकडे बसलो त्याच्या तराजूकडे नीट बघता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चोख होतं. फक्त नोकरी संपली, वर्षा-दोन वर्षांत काकू गेल्या, त्याच्या आधीच मुलगी लग्न करून पार दुसऱ्या टोकाला जाऊन राहिली होती, आणि मग एके दिवशी काकांच्या ध्यानात आलं की ज्याच्याकडे जाऊन हक्कानं टेकावं असा एक माणूस त्या अख्ख्या रस्त्यावर नाही. दुकानदारांची 'बसा' म्हणायची सवय सुटली होती आणि काकांना बसायची कधी लागलीच नव्हती.

सकाळ कशीही निभते. दूध असतं, पेपर असतो, नळाचं पाणी असतं. संध्याकाळ मात्र मोठी खट. ती येते, खुर्ची ओढून समोर बसते आणि एक शब्द बोलत नाही. एकदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा काका "आलो, आलो" म्हणत उठले. गॅसपाशी पोचल्यावर आपण कोणाला उत्तर दिलं हे लक्षात आलं आणि त्या रिकाम्या घरात, कोणी बघत नसताना, ते कानापर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून त्यांनी भात पातेल्यात करायला सुरुवात केली.

आणि त्याच आठवड्यात पेपरात ती जाहिरात आली. लहान लोकोपयोगी कामांसाठी सरकार अनुदान देणार. थोडा वाटा सरकारचा, थोडा लोकवाटा, म्हणजे मागणाऱ्यानं स्वतः घालायचा. काकांच्या इमारतीसमोर रस्त्याला लागून मातीचा एक मोकळा तुकडा होता, त्यावर एक बरं झाड होतं. तिथे एक बाक असला तर? माणसं येतील. बाक म्हटल्यावर माणूस टेकतोच. टेकला की बोलतो. इतका साधा हिशेब होता.

अनुदान कक्षातला कारकून भला माणूस होता. त्यानं अर्ज वरपासून वाचत आणला आणि 'उद्देश' या रकान्यापाशी त्याचं बोट थांबलं. तिथे काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'संध्याकाळी मला बोलायला कोणी नाही.'

"काका, असं लिहीत नाहीत."

"मग कसं लिहितात?"

"जनहितार्थ. सगळे तेच लिहितात. पुलालाही तेच, कमानीलाही तेच. परवा एकानं स्वतःच्या बंगल्यापर्यंत रस्ता मागितला, त्यानंही तेच लिहिलं."

"पण बाक हवा असं जनतेनं मला कधी सांगितलेलं नाही. बाक मला हवाय."

"अहो, हे सगळं जाहीर होतं. पारदर्शकतेचा नियम आलाय आता. कोणाला अनुदान दिलं, कशाला दिलं, उद्देश अर्जदाराच्या शब्दांत. संकेतस्थळावर, आमच्या भिंतीवर, कामाच्या जागी पाटीवर."

"व्हायलाच हवं," काका म्हणाले. "जन्मभर मी दुकानदारांना भाव दर्शनी भागात लावायला लावले. माझी वेळ आल्यावर मी पाटी उलटी करू?"

कारकुनानं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा शिक्क्याकडे. काही माणसांना वाचवता येत नाही. त्यानं शिक्का मारला.

अनुदान मंजूर झालं, तेही बघता बघता. त्या उद्देशाचा दुसरा अर्जच आलेला नसल्यानं स्पर्धा नव्हती, असं म्हणतात.

मुलीचा फोन दर रविवारी यायचा. तो आला बुधवारी, तेव्हा काकांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"बाबा, घाबरू नका, सगळं ठीक आहे. यांच्या ऑफिसात कोणीतरी ती अनुदानाची यादी बघत होतं. वर एक पूल आहे, खाली शाळेचं छप्पर आहे आणि मधे तुम्ही."

"अनुक्रमानं आहे ते. मी मुद्दाम मधे घुसलेलो नाही."

"बाबा," ती म्हणाली. "बोलायला कोणी नाही हे तुम्ही सरकारला कळवलंत. मला नाही."

काकांनी खूप विचार केला. खोटं बोलायची सवय नसली की माणसाला उत्तर शोधायला वेळ लागतो.

"तू विचारतेस जेवलात का, गोळी घेतली का. त्याची उत्तरं मी देतो," ते म्हणाले. "हा रकाना त्यांच्याच अर्जात होता गं."

यावर ती एवढंच म्हणाली, जेवलात का. काका म्हणाले, हो.

आता पाटी. नियम असा की आधी पाटी, मग काम. आणि पाटीचं माप सगळ्या कामांना एकच. ते ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा नदीवरचा पूल असावा. ट्रकमधून जेव्हा ती पाटी उतरली तेव्हा रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, सिनेमाचं थिएटर येतंय. ती उभी राहिल्यावर कावळ्यांनी आपला जायचा-यायचा रस्ता बदलला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे कपडे दुपारनंतर वाळेनासे झाले. पाटीच्या खांबांसाठी दोन खोल खड्डे खणून सिमेंट ओतलं, त्यात सगळं सिमेंट संपलं. खड्ड्यांतून निघालेली माती मागच्या बाजूला ढीग करून टाकली, पायांनी दाबली, आणि त्या उंचवट्याच्या बरोबर माथ्यावर बाक आणून ठेवला. पाटीला पाया होता. बाकाला नव्हता. त्यामुळे बाक ज्या बाजूला बसावं त्या बाजूला कलायचा. थेट तराजूसारखा, काकांनी मनात नोंद केली, आणि तोही नापास होणारा.

शिवाय बाक पाटीच्या मागे होता. रस्त्यावरून दिसायची ती पाटी. वर कामाचं नाव, मग काकांचं नाव, मग सरकारचा वाटा, लोकवाटा, आणि मधोमध, लांबून वाचता यावं म्हणून ठरवून दिलेल्या उंचीच्या अक्षरांत : 'उद्देश : संध्याकाळी मला बोलायला कोणी नाही.'

लोक आले. खरं सांगायचं तर त्या रस्त्यावर इतके लोक कधीच आले नव्हते. पण येत ते पुढच्या बाजूला. थांबत, वाचत, चुकचुकत आणि जात. मागच्या बाजूला काका बाकाच्या एका टोकाला बसलेले असत. मधोमध बसले असते तर बाक सरळ राहिला असता, पण मधोमध बसलं की बाक एकाचाच होतो. म्हणून टोकाला, जरा कललेले, आणि पत्र्याच्या पलीकडून स्वतःबद्दलचं ऐकत.

"आता सरकार बोलायला माणूसही देतं का हो?"

"छे. सरकार बाक देतं. माणूस आपला आपण आणायचा. तो लोकवाटा."

"कोण हे?"

"वजनमापवाले. फार कडक होते म्हणे."

"मग बरोबर आहे."

काय बरोबर आहे, हे काकांना पत्रा ठोठावून विचारावंसं वाटलं. पण आपण मागे बसलोय हे कळलं तर त्या माणसाला ओशाळल्यासारखं होईल. त्यांनी उचललेला हात मागे घेतला.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. वहिनी जिन्यात भेटल्या की हल्ली मोठ्यानं आणि सावकाश बोलायच्या, आजारी माणसाशी बोलतात तसं. "काका, बरं वाटतंय ना? तुम्ही असं करा, एखादा हास्यक्लब काढा." कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांचं म्हणणं वेगळं. "त्या ओळीवर कापड मारून देतो साहेब. मोजून शिवतो, कोणाला कळायचं नाही." काकांनी त्यांना झाकलेलं माप आणि खोटं माप कायद्यात एकच कसं, हे समजावून सांगितलं. मास्तरांनी ते उभ्याउभ्याच ऐकलं आणि सुईत दोरा ओवायला आत निघून गेले. सगळे काळजी करत होते. टेकत कोणीच नव्हतं.

मग हरकत आली. नियमाप्रमाणे तीही पाटीवरच, खालच्या अंगाला चिकटवली गेली. हरकत घेणारा रस्त्यापलीकडचा किराणावाला शेठ. त्यानं लिहिलं होतं :

'सदर गृहस्थ नोकरीत असताना आमच्या दुकानी येत, तेव्हा खुर्ची देऊनही बसत नसत व चहा देऊनही घेत नसत. त्यांना बोलायला कोणी नाही यात सरकारचा काही दोष नाही. तरी सरकारी पैशानं त्यांना बसवू नये.'

काकांनी ती हरकत दोनदा वाचली. मुद्देसूद होती. तेच तर वाईट होतं.

ते अनुदान कक्षात गेले. कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. "मी म्हटलं होतं, जनहितार्थ लिहा. जनहितार्थ असतं तर बाक दिसला की काम पुरं. कोणी जनहित मोजायला जात नाही. तुम्ही बोलणं लिहून ठेवलंय. आता हरकत आल्यावर तपासनीस येणार आणि बोलणं होतंय का ते बघणार. झालं नाही तर उद्देश सफल नाही. बाक उचलून नेतील."

"आणि पाटी?"

"पाटी राहील. पाटीला वेगळी मंजुरी असते."

काका घरी आले ते कसे आले त्यांचं त्यांनाच माहीत. बाक गेला तर गेला. पण बाक नाही, माणूस नाही आणि तेवढी ती पाटी, ऊनपावसात उभी, रंग उडेपर्यंत सगळ्या जगाला सांगत राहणार की यांना बोलायला कोणी नाही. आणि सरकारी रंग, काकांनी स्वतःच एकदा तपासला होता, फार टिकाऊ असतो.

तेव्हा माणसं जमवणं आलं. मागण्याची सवय नसलेला माणूस मागायला लागला की बघवत नाही. काका जिना चढून वहिनींकडे गेले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "तपासणीच्या दिवशी संध्याकाळी जरा वेळ बोलायला याल का?" वहिनी म्हणाल्या, "अहो, असं काय, नक्की." शिंपीमास्तर म्हणाले, "येतो की साहेब. पण विषय काय? ऐनवेळी सुचत नाही मला." काकांनी विषय ठरवला : कापडाचं मीटर आणि जुना वार. मास्तरांनी आरशासमोर तयारी केल्याचं त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं.

तपासणीचा दिवस उजाडला आणि मावळायलाही लागला. वहिनींकडे अचानक पाहुणे टपकले. त्यांनी खिडकीतून दोन्ही हातांनी 'काय करू' अशी खूण केली. मास्तरांकडे उद्याच लग्न असलेला नवरदेव कोट घट्ट होतो म्हणून रडकुंडीला येऊन बसला. काका धुतलेला शर्ट घालून बाकाच्या टोकाला बसले होते. दुसरं टोक वर, हवेत.

तपासनीस बाई वेळेवर आल्या. तरुण होत्या, खांद्याला पिशवी, पायात चालून चालून टाच झिजलेल्या चपला. काका लगबगीनं उठले, रुमालानं रिकामी बाजू पुसली.

"बसा ना. दमला असाल. वरून चहा घेऊन येतो."

"नको काका. ड्यूटीवर बसत नाही मी."

काकांचा रुमाल हातातच राहिला. जन्मभर हे वाक्य त्यांनी त्या बाजूनं म्हटलं होतं. या बाजूनं ते कसं लागतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "बसू नये."

"आधी पाटीचे फोटो घेते. मग इकडचं बघते," असं म्हणून बाई पुढच्या बाजूला गेल्या. पाटी एवढी लांब की एका फोटोत मावेना. त्या रस्ता ओलांडून मागे मागे सरकत राहिल्या. काका परत आपल्या टोकाला बसले.

तेवढ्यात शेठ आला. अंगानं सुटलेला, गुडघ्यांनी हरलेला, हातात दुकानाच्या किल्ल्या.

"बघायला आलात?" काकांनी विचारलं.

"हरकत घेणाऱ्याला हजर राहायचा हक्क आहे. वाचलाय मी नियम."

"आहे." काकांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बसा."

"काय म्हणालात?"

"बसा म्हटलं. गुडघे दुखतायत तुमचे. उजवा जास्त. सगळा भार डाव्यावर टाकून उभे आहात."

"साहेब, नजर काही गेली नाही तुमची." शेठनं बाकाकडे संशयानं पाहिलं. "टेकतो जरा. पण मी विरोधात आहे, हे ध्यानात ठेवा."

तो टेकला. बाक करकरला, शेठची बाजू खाली आली, काकांची वर, आणि मग दोन्ही टोकं सावकाश समोरासमोर येऊन थांबली. काकांनी सवयीनं मधोमध नजर टाकली. काटा असता तर सरळ उभा राहिला असता.

शेठनं किल्ल्या मांडीवर ठेवल्या.

"माझ्या दुकानातून नेलंत ते वजन कमी नव्हतं," शेठ म्हणाला.

"कमी होतं."

"किती? चिमूटभर."

"चिमूटभरच. पण रोजच्या रोज."

"बाबांच्या बाबांचं वजन होतं ते. झिजणारच. माणूस झिजतो, लोखंडानं काय घोडं मारलंय?"

"झिजलं की बदलायचं असतं."

"वडिलांनी हातात दिलेलं बदलतो का कोणी? तुम्ही सरळ पिशवीत घालून चालते झालात. पावती दिलीत. पावती!" एवढ्या वर्षांत त्याचा आवाज जराही झिजलेला नव्हता. "वजन नेलंत त्याचं बाबांना काही वाटलं नाही. ते म्हणाले, नेमानं वागला बिचारा. पण चहा त्यांनी स्वतः केला होता. तुम्ही येणार कळल्यावर आत जाऊन, स्वतः. तुम्ही गेल्यावर तो कप तिथेच. संध्याकाळपर्यंत उचलू दिला नाही त्यांनी कोणाला. म्हणाले, माणूस चहासुद्धा ठेवून गेला रे."

काकांना तो कप आठवत होता. बशीचा जरा टवका उडालेला होता. त्यांनी तेव्हा तेवढंच पाहिलं होतं.

पत्र्याच्या पलीकडून बाईंचा आवाज आला. "बोलणं थांबलं का?"

"नाही," दोघंही एकदम म्हणाले.

काकांनी घसा साफ केला.

"साखर कशी होती त्यात?"

शेठनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"पुरी होती," तो म्हणाला. "त्या कपात तरी."

आणि मग काय झालं ते वहिनींनी खिडकीतून पाहिलं, आणि त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही : तराजूकाका हसले. आवाज न करता, पण खांदे हलत होते, आणि त्याबरोबर बाकही.

बाई मागच्या बाजूला आल्या. "मी लिहिलंय : संभाषण आढळले, स्वरूप भांडणाचे. उद्देशात भांडण नको असं कुठे म्हटलेलं नाही. बाक राहील. शेठ, हरकत मागे घेताय ना?"

"मुळीच नाही."

"मग प्रकरण उघडंच राहील. मला पुन्हा पुन्हा यावं लागेल."

"या. मीही येतो. माझं अजून पावशेरभर बोलणंही झालेलं नाही," शेठ म्हणाला. असं कोणी म्हणत नाही, पण रागाच्या भरात त्याच्या तोंडून दुकानातलं माप निघालं असावं.

काका बाईंकडे वळले. "आता लिहून झालं. आता तरी टेका."

बाईंनी बाकाकडे पाहिलं. क्षणभर पिशवी खांद्यावरून उतरतेय असं वाटलं. "अजून दोन कामं बघायची आहेत. एक कमान आहे, एक पूल."

"त्यांचा उद्देश?"

"जनहितार्थ."

"मग लवकर उरकेल," काका म्हणाले. "एक सांगू का? निवृत्तीनंतर बाक मिळत नाही. मागावा लागतो."

बाई हसल्या, आणि झिजल्या टाचांनी भराभर निघून गेल्या.

शेठही उठला. दुकान उघडायचं होतं. तो गेला तसा बाक सावकाश काकांच्या बाजूला कलला. काका तसेच टोकाला बसून राहिले. पलीकडे कोणीतरी थांबलं, मोठ्यानं वाचू लागलं : "उद्देश : संध्याकाळी मला बोलायला..." काकांनी धीर केला आणि पत्र्याकडे तोंड करून म्हटलं, "मागे बाक आहे. या."

वाचन तिथेच तुटलं. मग भराभर लांब जाणारी पावलं ऐकू आली. बोलणाऱ्या पाटीची गोष्ट त्या माणसानं घरी जाऊन कशी सांगितली असेल, ते मला ठाऊक आहे, पण ती वेगळी कथा.

दिवे लागले. काकांनी खिशातून फोन काढला. आज शुक्रवार होता.

"बाबा?" मुलीचा आवाज घाबरा. "काय झालं?"

"काही नाही. घाबरू नकोस. जेवायला अवकाश आहे आणि गोळी घेतलीय."

"मग फोन कशासाठी केलात?"

काकांनी रिकाम्या बाजूकडे पाहिलं. खरं उत्तर तोंडाशी आलं होतं. पाटीवर लिहिलेलं होतंच. पण माणूस कधी ना कधी शिकतो.

"जनहितार्थ," ते म्हणाले.

पलीकडे ती हसली, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"थांबा," ती म्हणाली. "बसते."